कंसातला प्रश्न

गुरुवार संध्याकाळ. सोहार बंदरावर
धुळीचा पिवळा उजेड.
बलूशीसाहेबांना यादी हवी:
दोन वर्षांत घरी न गेलेले.

मी लिहिते, कामगार दे
ज्यांचा नंबर नाही
(इथे कंस उघडते)
तिकीट मिळालेल्यांच्या नंबरांत.
आतला प्रश्न आधी सुटतो,
बाहेरचा तोवर ताटकळतो,
बाळंतिणीच्या दाराशी बाप उभा असतो तसा.

उत्तर: शून्य ओळी.

शून्य? सगळेच जाऊन आले?
क्रेनवरचा मुश्ताक परकारसुद्धा,
ज्याच्या धाकटीला वाटतं
अब्बा फोनच्या आत राहतो?

आतला प्रश्न कंसाबाहेर काढून
एकटाच चालवते.
नऊशे बारा तिकिटं. चहा गार.
सहाशेच्या पुढे कुठेतरी एक रकाना कोरा.
मस्कत ते कोची, एकेरी, एप्रिल.
शेरा: पेटी, कार्गोने.
नाव आधीच पुसलेलं, नंबरही.

जो कोण होता ते ठाऊक नाही,
तो तू नव्हेस, असं
डेटाबेस कुणालाच छातीठोक सांगत नाही.
म्हणून एका कोऱ्यापायी
सगळे गप्प.

कंसात एक अट वाढवते: कोरे सोडून.
लगेच एकेचाळीस नावं. परकार सातवा.
यादी साहेबांना धाडते.

मग खाली स्टोअरला फोन लावते:
इब्राहिमकुट्टी, एप्रिलमध्ये
पेटीतून कोण गेलं हो?

तो जरा थांबतो.
"कुठल्या एप्रिलमध्ये?"