पाकीट

जेल रोडच्या मागल्या गल्लीत, दुपारी अडीचला,
पानसेबाईंचा फोन उघडला.
"काच सुटून राहिलीय," म्हणाल्या, "जरा चिकटवून दे."
काच सुटली नव्हती.
खालून कुणीतरी तिला उचलत होतं.

चंदेरी पाकीट, दोन पेढ्यांएवढं वजन,
पोट तट्ट फुगलेलं.
याला लोखंड लावायचं नाही.
जुन्या एटीएम कार्डाची कड हळूच सरकवते.
शेजारच्या टेबलावरचा भंवरलाल
न सांगता ब्लोअर बंद करतो.

पत्र्याचं कवच नसतं याला.
म्हणून तर एवढं पातळ, एवढं हलकं.
कॅमेरा बसतो, स्पीकर बसतो, सिमचा ट्रे बसतो,
मग उरल्या जागेत हे,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं
अंग चोरून.
कोपरा दुमडून हवा? मिळतो.
मनगटासाठी बाकदार? तेही.

अण्णांच्या वेळी सेल ठरवायचे
वस्तू केवढी व्हायची ते.
रामबागेतल्या खोलीत ट्रान्झिस्टर उघडून बसत.
चार जाडजूड सेल आधी,
गाणं उरल्या जागेत.
ते सेल कधी फुगले नाहीत.
बाहेरून छाप तशीच, लाल रंग तसाच,
आणि आत गळत राहायचे.
झाकण काढल्यावर कळायचं:
स्प्रिंगा हिरव्या, तारा खाल्लेल्या.

"अण्णा, दुखतंय का?"
"छे. पेचकस दे."
दोन वर्षं मी पेचकस देत राहिले.
मग डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
करडीच होती,
मला हिरवी दिसली.

पाकीट निघालं. गोडसर वास आला थोडा,
नेलपॉलिशसारखा.
वाळूच्या बादलीत निजवलं त्याला,
वर दोन मुठी वाळू.
"तकलादूच निघालं ना गं?" पानसेबाई पर्स उघडत.
"नाही हो. वेळेवर बोललं."
त्यांना वाटलं मी पैशांचं काही म्हणाले.
"किती?" म्हणाल्या.

नवं साडेतीन मिलिमीटरचं.
खोबणीत ठेवलं की वर
केसाएवढी फट राहते.
पहिल्यांदा मला ती चूक वाटली होती,
मापात कुणाची तरी.
चूक नाही. घडवणाऱ्यानं मुद्दाम सोडलेली असते,
उद्या फुगावंसं वाटलं तर.

काच बसवते.
अंगठा फार दाबत नाही.