टाच टेकते का

शनिवारी दुपारनंतर ते येऊ लागतात,
बदायरच्या टेकड्यांवरून थेट माझ्या टेबलावर.
बुटांतून वाळू सांडते,
मोफिज मॉप घेऊन पुटपुटत येतो.
मी म्हणते, श्वास घ्या. धरा. सोडा.
पडद्यावर उमटतं
सरी जिथं रुळते तिथलं हाड,
काडीसारखं मोडलेलं.

अकरा वर्षं शारजात हेच काढतेय मी,
आणि प्रत्येक जण, शप्पथ,
झोळीतला हात सावरत
एकच विचारतो : पुन्हा कधी चालवता येईल?
त्या 'पुन्हा'चा आधी राग यायचा.
मग हेवा वाटायला लागला.

इंडस्ट्रियल एरिया, बारा नंबर.
पत्र्याची शेड, ग्रीसचा वास, गुलरेजखानचं गॅरेज.
साडेचारशे सीसीची निळी दारातच उभी,
वरातीतल्या घोड्यासारखी, नुसती थरथरायची बाकी.
मी तिच्याचकडे गेले. कोण जाणार नाही?
सीट माझ्या छातीला लागली.
"बाजी, पहले बैठो. पसंद बाद में."
बसले. दोन्ही पाय हवेत,
आणि एकदम गुहागरची उतरण आठवली :
अप्पांची चोवीस इंची सायकल,
दांड्याखालून एक पाय घालून
कैचीत चालवलेली तीन वर्षं,
सीटवर एकदाही न बसता.

मग त्यानं ती हळूच आडवी केली सिमेंटवर.
म्हणाला, उचल.
किती वेगानं जाणार, विचारलं नाही.
पगार नाही, नवरा काय म्हणतो तेही नाही.
उचल. वाळूत दुसरं कोणी नसतं.
मी गुडघे वाकवले, दात आवळले,
निळी जागची हलली नाही.

कोपऱ्यात, टायरांच्या चळतीमागे, ती होती.
सव्वाशेची. लाल रंग उडून विटकरी झालेला,
टाकीवर कुणा पोरानं चिकटवलेला अर्धा डायनासोर.
बसले, तर चवडे पोचले.
जरा सरकले, तर उजवी टाचसुद्धा.
आडवी केली, उचलली.
पुन्हा आडवी केली, उगाच.
"मोठ्या टेकडीवर ही दमेल," तो म्हणाला,
"वर्षभरात तूच आणून देशील परत."
असं सांगून कोण विकतं?
तरी दोनशे दिरहम कमी करायला
मी पाऊण तास आणि दोन सुलेमानी घेतले.
त्या पैशांत हेल्मेट येत नाही.
हेल्मेट मी नवं घेतलं. छातीचं कवच नवं.
हाडांच्या बाबतीत मला
कुणाचं जुनं नको.

डिसेंबर, मदामच्या अलीकडचं सपाट रान.
वाळूवर दव, उंटांच्या पावलांत सावली.
टायरमधली हवा उतरवली, गुलरेजनं शिकवल्याप्रमाणे.
नजर लांब ठेव. पुढचा ब्रेक विसर.
घाबरलीस तरी गॅस सोडू नकोस.
तिसरं वाक्य मला अजून कळलेलं नाही.
क्लच. श्वास घ्या.
धरा.
सोडा.

पहिल्या फेरीत सत्तर पावलं गेले असेन.
मग पुढचं चाक रुतलं, आणि मी
आमच्या ओट्यावरून पोतं उतरवावं तशी
डाव्या कुशीवर उतरले.
इंजिन बंद. इतकं शांत
की टाकीतलं पेट्रोल हिंदकळताना ऐकू आलं.
मी गळ्यापाशी बोट फिरवलं, सवयीनं.
अखंड.
गुडघे वाकवले.
नव्वद किलो, डायनासोरसकट.
किक पाचव्यांदा लागली, सहाव्यांदा बंद पडली.

सोमवारी ड्युटी. लॉकरपाशी बूट बदलताना
चिमूटभर वाळू पडली फरशीवर.
मोफिजनं मॉप थांबवला.
वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"सिस्टर, आप भी?"


आत कुणीतरी कण्हत होतं.
मी एप्रन चढवला आणि गेले.