डाव्या बाजूची गिटार

घोड्याच्या कव्हरची ती कॅसेट मला आवडत नाही.
सगळे म्हणतात, महान. म्हणोत.
तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला एकदाच असा सुटतो
की पत्र्याच्या शेडवर कुणी नारळ फोडतंय.
तेवढं सोडलं
तर बाकी साबणाचा फेस.

हे माझं मत आहे, आणि माझं मत
एकोणतीस वर्षं सातपूरला
अडीचशे टनी प्रेसच्या शेजारी उभं होतं.
प्रेस डाव्या अंगाला.
इअरप्लग मिळायचे. ते आम्ही
थरथरणाऱ्या खिडक्यांच्या फटीत कोंबले,
खिडक्या शांत झाल्या.

डॉक्टर कोठावदे म्हणाल्या,
वरचे सूर गेलेत, बाकीचे निघालेत.
काय काय गेलं? मी विचारलं.
पक्षी, कुकरची शिट्टी, स, श, फ.
गिटारीचं विचारायला लाज वाटली.
ते मी उंटवाडीला घरी येऊन तपासलं.

नारिंगी अल्बम.
देवळाली कॅम्पात, लॅम रोडला,
नोएल डिमेलोच्या दुकानातला.
बदली झालेल्या फौजींच्या पेट्यांतून
त्याच्याकडे माल यायचा,
दोन ऐक, एक घे, हात पुसून घे.
त्यात दोन गिटारी आहेत. उजवी समजूत घालते,
डावी भांडते.
हे मी पोरांना, पाहुण्यांना, एकदा तर
पीएफच्या क्लार्कलासुद्धा सांगितलंय.

आता उजवी एकटीच बोलते.
बोलते, थांबते, पुन्हा बोलते,
जसं बसमध्ये शेजारचं माणूस फोनवर,
आणि पलीकडचं आपल्याला ऐकू येत नाही.

सिनेमांचंही सांगून टाकतो.
गंजमाळला, शनिवारी, एका संस्थेच्या हॉलमध्ये
मुकुंद गांगुर्डे पडदा बांधायचा.
नऊ खुर्च्या भरल्या की हाउसफुल.
धुक्यातल्या होडीचा सिनेमा:
एक माणूस पंचेचाळीस मिनिटं होडीची वाट बघतो.
गांगुर्डे म्हणाला, यात काळ दिसतो.
मी म्हणालो, काळ मला सेकंड शिफ्टला फुकट दिसतो.
मी अजून तेच म्हणतो.
फक्त त्या माणसानं एकदा
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
ते मला घंगाळात हात घातला तरी दिसतं.

आणि रडणाऱ्या बाईच्या तोंडावर
कॅमेरा इतका वेळ ठेवू नये.
कुणीतरी पाणी द्यावं.

खालची अक्षरं वाचण्यात माझं अर्धं चित्र जायचं,
तेव्हा चिडायचो.
आता सून स्वयंपाकघरातून काही म्हणते
आणि मी तिच्या पदराखाली, फरशीजवळ,
अक्षरं शोधतो.

मागच्या आठवड्यात रात्री, थंडी बरी होती,
हेडफोन चुकून उलटा घातला गेला.
डावी गिटार उजव्या कानात आली.
तीस वर्षांनी एकटी, तोंड धुऊन.
भांडत नव्हती ती.
किंचित खाली लागली होती, एवढंच.
तारेला पीळ कमी पडलेला,
आणि वर चढायचा प्रयत्न करत होती
प्रत्येक ओळीला.

पुण्याला मुलाकडे गेलेल्या गांगुर्डेला
साडेअकराला फोन लावला.
म्हणालो, अरे ती भांडखोर नव्हती, बेसूर होती.
बराच वेळ काही नाही. मला वाटलं, कान बदलावा.
मग म्हणाला, बेसूर कशाला असेल?
तुझी कॅसेट ताणली गेली असेल, तू ती
ओट्यावर शेगडीजवळ ठेवायचास.

टेप ताणली तर
दोन्ही गिटारी खाली यायला हव्यात, मुकुंदा.
टेप एकच असते.

हे बोललो तेव्हा त्यानं फोन ठेवला होता.
उद्या परत लावीन.
घोड्याच्या कव्हराबद्दलही त्याचं चुकतंच.