कणीस

टिंबर मार्केटात, प्लायवूडच्या दुकानामागं
इनास बारदेस्कर मला लॅटिन शिकवायचे.
सेमिनरी अर्ध्यात सोडलेला माणूस;
पाद्री व्हायचं राहिलं, लॅटिन राहिलं.
फी आठवड्याला एक गुळाची ढेप.

गिऱ्हाईक सनमायका मागायचं, हे फॉर्मायकाच म्हणायचे,
आणि ढेपेवरून उतरून टेबलभर चाललेली रांग दाखवायचे:
"फोर्मिका म्हणजे मुंगी, लगा.
मुंगीवर मुंगी चाललीय बघ."

ओविस म्हणजे मेंढी.
"धनगराला विचार, आधी मेंढी का आधी ओवी?"
राना म्हणजे बेडूक. रंकाळ्याचा राणा.
मूस म्हणजे उंदीर,
पण गुजरीत बोलू नकोस,
सोनार मुशीत सोनं घालतो.

रोमन कवीही असलेच, म्हणायचे.
ओळीला पाय सहा, मुंगीएवढे.
पाच पाय ढाली, भाले, देव,
आणि शेवटी एका अक्षराचा उंदीर सोडून द्यायचा:
अख्खी ओळ धपकन शेपटीवर.
पाळलेली चिमणी मेली तर विलाप लिहायचे
आणि रडता रडता डोळा मारायचे.
"मग खरं कुठलं, मास्तर? रडणं का डोळा?"
"ढेप संपली," मास्तर म्हणाले.

त्यांचा कुत्रा दाजिबा.
करवत लागली की मान वर करून गायचा,
करवतीहून अर्धा सूर चढा.
"कनिस म्हणजे कुत्रा,
आणि कनिस म्हणजेच 'तू गातोस'.
व्याकरणाला हा आधीच ठाऊक होता."

भाद्रपदात दाजिबा गेला.
फाटकाशी, चिंचेखाली पुरला.
पाटीला फॉर्मायकाचा उरलेला तुकडा,
वर एकच शब्द, देवनागरीत.
शब्बीर पेंटर शब्दाला फार काटेकोर:
"मास्तर, न चा ण केला. शुद्धलेखन चुकलं होतं."

मास्तर पाटीकडं बघत राहिले.
मग तशीच ठोकली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं थांबली.
"काका, कणीस कसं दिलं?"
तिसऱ्या दिवशी पुन्हा.
चौथ्या दिवशी मास्तरांनी मार्केट यार्डातनं पोतं आणलं,
लाकडाच्या ढलप्यांवर शेगडी पेटवली,
मीठ, तिखट, अर्धं लिंबू.

मी गेलो तेव्हा दाणे तडतडत होते.
पलीकडं करवत लागली.
मास्तरांची मान हळूच वर गेली,
एक डोळा मिटला.

धूर गेला असेल.