लाभ

उलव्याच्या सेक्टरमध्ये, सहाव्या मजल्यावर,
डायनिंग टेबलवर दोन कागद.
एकावर सुक्या जवळ्याची बरणी,
दुसऱ्यावर बाबांचा चष्मा.

बाबा बोटांवर मोजतात तिकडचं:
लाभ, दोन, तीन…
भाताच्या पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
शेत गेलं, सवय राहिली.

तिकडे पगार दिरहॅममध्ये, कर नाही, घर कंपनीचं.
रुंद विमान, चौदा चौदा तास समुद्रावर,
आणि भरदुपारी पडदे ओढून आणलेली झोप.
खांद्यावर चौथी पट्टी कधी, ते लिहिलेलं नाही.

इकडे चौथी पट्टी दोन वर्षांत. कदाचित.
इकडे रात्री अडीचला गाडी खाली येऊन थांबते,
नागपूर, इंदूर, पुन्हा नागपूर;
जमिनीवरही सेक्टर, हवेतही सेक्टर.
रोस्टर शुक्रवारी येतं, शनिवारी बदलतं.
सोडायचं तर सहा महिन्यांची नोटीस,
आणि बँकेचे अजून अठ्ठेचाळीस लाख,
भरपाईतला प्लॉट विकूनही उरलेले.

डेन्झिल गेला दोह्याला.
फोनवर म्हणतो, पैसा मस्त, बोलायला कुणी नाही.
मग म्हणतो, तू पण ये.

बाबा मध्येच विचारतात,
"इथं उतरताना पयलं काय लागतं गो?"
थ्रेशोल्ड, बाबा. म्हणजे उंबरठा.
ते चष्मा उचलून पुसत बसतात.
मोकळा झालेला कागद पंख्याखाली सरकतो.
"आपला तिथंच व्हता," म्हणतात,
"जरासा खाडीच्या अंगाला."

मी जुना नकाशा नव्यावर ठेवून पाहिलाय.
तिथं नव्हता.
आपल्या उंबरठ्यावर आता टॅक्सीवेचं वळण आहे,
विमानं तिथं थांबतात, दुसऱ्याला वाट देतात.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

उत्तर गुरुवारपर्यंत द्यायचंय.
आज कोचीहून शेवटची फेरी,
लँडिंग माझं.
खाडी काळी, तिच्या कडेला दिव्यांची ओळ,
आणि विमान स्वतःच मोठ्यानं मोजायला लागतं, उलटं,
पन्नास, चाळीस, तीस,
वीस,
दहा…
एक तेही म्हणत नाही.

चाकं टेकतात.

"काही म्हणालीस?" कॅप्टन कुरियन विचारतात.
नाही, सर.