शून्य बाइट

वागुर बंदरातल्या भरतीमापकाच्या खोलीतून
डिस्क आली, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून.
तिथं एकतीस वर्षं त्रोंदुर बसायचा.
साहेबांचा निरोप एवढाच : रान्वा, जागा मोकळी कर.

डिसेंबरात तोर्शहावनला दुपारी तीनलाच अंधारतं.
काळ्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता,
दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा, आत येऊ की नको.
मी लिहिलं : शोध. इथून खाली, सगळीकडे.
फक्त फायली. ज्यांचं वजन शून्य.

एंटर.

सहाशे चौदा.
त्याच ओळीच्या शेपटीला ‘पूस’ जोडलं की काम फत्ते.
पण मला खोड आहे,
पुसण्याआधी एकदा यादी बघायची.

नावानं लावली, तर दहा आधी आणि दोन नंतर;
यंत्राला तिथं आकडे कळत नाहीत, अक्षरंच कळतात.
मग तारखेनं लावली. जुनं वर.
सगळ्यात वर एक जानेवारी एकोणीसशे सत्तर,
घड्याळाचा सेल संपला की यंत्र तिथंच जाऊन बसतं :

आज-तारीख-काय

आणि त्याखाली

धुकं-आहे-बोट-आली-नाही
धुकं-आहे-बोट-आली-नाही-२
मालानला-सांगायचं-मेंढी-सापडली
बारा-मार्च-तियाल्दर-परतला-एकच

फाइल उघडून आत लिहायचं असतं,
हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.
किंवा सांगितलं असेल, आणि त्याला वाटलं असेल,
घर कशाला, पाटी पुरे.
एक मात्र तो नीट शिकला होता :
शब्दांत मोकळी जागा सोडली की नाव तुटतं.
म्हणून जिथं तिथं आडव्या रेघा,
उसवलेल्या कोपराला घातलेल्या टाक्यांसारख्या.

मी खाली सरकत गेले.

मालानचा-खोकला
मालानचा-खोकला-नवा
मालानचा-खोकला-नवा-शेवटचा
भरती-नेहमीप्रमाणे
भरती-नेहमीप्रमाणे
— नाही, दुसऱ्यात एक रेघ जास्त होती.
एकाच नावाच्या दोन फायली यंत्र ठेवू देत नाही.

कॉफी गार झाली.
बाणाचं चिन्ह टाकून मी सगळी यादी
एका नव्या फाइलीत वळवली.
एकवीस किलोबाइट भरली.

त्वोरोयरीच्या वृद्धाश्रमात फोन लावला.
मागे चमचे वाजत होते, कुणीतरी टीव्ही मोठा केला.
‘झाली का जागा?’ त्यानं विचारलं.
‘शून्यं पुसून कितीशी होणार,’ मी म्हणाले.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, ‘तो मोजा तेवढा परत पाठव.
जोडीचा आहे.’