जुळत नाही

खिचडीच्या पातेल्याचा फोटो गेला.
कोणी खाल्ली, कोणाला कमी पडली,
असा रकाना तिथे नाही.
आता माझ्यासमोर अठ्ठेचाळीस मुलं
आणि मोबाइलवर एक लाल ओळ:
जुळत नाही.

तिसरी ब, इलठणपाडा, दिघा.
खिडकीत पारसिकचा डोंगर, अर्धा फोडून नेलेला,
उरलेल्या अर्ध्यावर घरं.
तिथून उतरून येते परिमळा,
एका हाताला भाऊ, दुसऱ्या हातात त्याची चप्पल.
हजेरीत परिमळा. आधारवर परिमल, पुरुष.
आडनाव लावत नाहीत त्यांच्यात,
म्हणून केंद्रावरच्या पोऱ्याने गाव टाकलं: शोरापूर.

हुलगप्पा तीनदा ऐरोलीला जाऊन आला.
तीन खाडे.
पहिल्यांदा सर्व्हर बंद, दुसऱ्यांदा दाखला हवा होता,
तिसऱ्यांदाचं त्याने मला सांगितलंच नाही,
नुसता कागद परत दिला,
घडी न उलगडता.

ग्रुपवर केंद्रप्रमुख: पाचपर्यंत शंभर टक्के.
खाली त्रेसष्ट अंगठे.
शेजारच्या वर्गातले म्हात्रे सर म्हणाले,
बाई, रजिस्टर तुमच्याच हातात आहे,
काना खोडा, ळ चा ल करा,
मुलगा की मुलगी, कोण बघतंय.
म्हात्रे सर वाईट नाहीत.
त्यांचे सगळे हिरवे आहेत.

मी लाल पेनचं टोपण काढलं.
परत लावलं.

फळ्यावर आज नेमका बाळातला ळ.
पुढच्या जूनपासून सेमी होणार म्हणतात,
तेव्हा याच्या वाट्याला किती तास येतील ठाऊक नाही.
परिमळा उठली, खडू घेतला,
दोन गाठी मारल्या, शेपूट ओढलं.
बाई, ही तर अव्वाची चुंबळ!
वर घमेलं नाही फक्त.
वर्ग हसला.
मी जरा उशिरा हसले.

चार पन्नास. पोर्टल म्हणतं, कारण निवडा:
स्थलांतरित. दुबार. मयत. इतर.
इतरवर बोट ठेवलं, चौकट उघडली.
मी एकच अक्षर टाइप केलं.
अवैध, म्हणालं ते.

आणि मागून ही, खडूचे हात फ्रॉकला पुसत:
बाई, ळ पासून सुरू होणारा शब्द सांगा ना.
नाही गं. ळ पहिला येत नाही कुठेच.
मधे येतो, नाहीतर शेवटी.
का?
डी.एड.ला हा प्रश्न आला नव्हता.

ती फळ्याशी गेली.
डावीकडे, अगदी कडेला,
मोठ्ठा ळ काढला
आणि खडू धरून उभी राहिली:
आता याच्यापुढे काय लिहू?